अबेबाआजीची वाफेवरची भाकर

“माझा दाणा दे.”
“नाही देत.”
“दे म्हणते ना.”
“नाही म्हटलं ना.”

मुंगी परातीच्या काठावर, पीठ परातीत. केव्हाचं भांडण चाललं होतं. झालं काय, लांबच्या हबसाण देशात, डोंगरावरच्या एका घरात मुंगीने गव्हाचा दाणा आणला. ओढत ओढत आणला. तो पडला जात्यात. घर्र घर्र. दाण्याचं झालं पीठ. अबेबाआजीने पीठ भिजवलं, रात्रभर आंबवलं. आता ते फुगून बसलं होतं. बुडबुड बुडबुड. आणि मुंगी? उपाशी ती उपाशीच.

पीठ म्हणालं, “आता कुठला दाणा? भाकर होईन तेव्हा घास घे. पण पान मला गुंडाळीना.”

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
“पाना, पाना, पिठाला गुंडाळ. पीठ भाकर होईना, माझा घास मिळेना.”
केळीचं पान म्हणालं, “मी नाही जा. मडकं वाफ देईना.”

तुरुतुरु तुरुतुरु.
“मडक्या, मडक्या, वाफ दे. पान पिठाला गुंडाळीना, पीठ भाकर होईना, माझा घास मिळेना.”
मडकं म्हणालं, “मी नाही जा. चूल पेटेना.”

तुरुतुरु तुरुतुरु.
“चुली, चुली, पेट ना ग. मडकं वाफ देईना, पान पिठाला गुंडाळीना, पीठ भाकर होईना, माझा घास मिळेना.”
चूल म्हणाली, “मी नाही जा. आजी फुंकर घालीना.”

तुरुतुरु तुरुतुरु.
“आजी, आजी, फुंकर घाल. चूल पेटेना, मडकं वाफ देईना, पान पिठाला गुंडाळीना, पीठ भाकर होईना, माझा घास मिळेना.”

आजी उंबऱ्यावर बसली होती, वाटेकडे बघत. पूर्वी मडक्याचं झाकण उचललं की घरभर वाफ व्हायची. मुलं भोवती गोळा व्हायची. मला आधी, मला आधी. आता मुलं मोठी झाली, दूर शहरात गेली. आजीने सवयीने पीठ भिजवलं खरं, पण मग हातच थांबले.

“कुणासाठी उकडू ग? खाणारं कोण उरलंय?”
“मी आहे की,” मुंगी म्हणाली.

आजी वाकली. नीट बघितलं. एवढीशी मुंगी. पण पोट तिलाही होतंच की.

उठली आजी. फुंकर घातली, फू फू. चूल पेटली, धगधग. मडक्याने वाफ दिली, खदखद. पानाने पिठाला गुंडाळलं, सळसळ. पिठाची भाकर झाली. गोल, गुबगुबीत, आंबूस वासाची. झाकण उचललं आणि घरभर वाफच वाफ.

झालं, पुन्हा भांडण. चूल म्हणे मला आधी, मी पेटले. मडकं म्हणे मला आधी, मी तापलं. पान म्हणे मला आधी, मी भाजलं. त्या गलक्यात मुंगीचा आवाज तो केवढा, कुणाला ऐकूच येईना!

कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी ‘मला आधी’ म्हणत होतं. आजीने पदराने डोळे टिपले. मऊ मऊ घास तोडला. फुंकून गार केला. मुंगीपुढे ठेवला. आणि म्हणाली,

“गप बसा सगळे. माझ्या घरी खाणारी आली आहे.”