खालीच राहिलेला भोजा

निवळखेडच्या एसटी थांब्यावर उतरलं की डाव्या हाताला पिंपळाचा पार आहे आणि पाराला लागून छातीइतक्या उंचीचा एक काळा दगड उभा आहे. गाडीची वाट बघणारे त्याला पाठ लावून उभे राहतात, पिशव्या त्याच्या पायाशी ठेवतात. मागल्या निवडणुकीत कोणीतरी त्याच्यावर डकवलेल्या कागदाचा एक कोपरा अजून निघालेला नाही. दिवसातून चार गाड्या येतात आणि माणसं चढतात-उतरतात, पण मान वळवून दगडाकडे बघेल असा एखादाच. जो बघतो, त्याला केरबा गुरव लांबूनच हेरतात.

केरबांनी ऐंशी ओलांडली आहे. ते पाहुण्याला आधी गाई मोजायला लावतात. पाहुणा वाकतो, बोट फिरवतो आणि एकोणीस सांगतो. केरबांना फार आनंद होतो. "एकवीस हायती पाव्हणं. आन् एक वासरू. परत मोजा." पाहुणा पुन्हा वाकतो आणि त्याची गाडी निघून जाते. पुढची गाडी दोन तासांनी असते, तेव्हा गोष्ट ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

हा वीरगळ आहे. झुंजीत किंवा गावाची गुरं सोडवताना जो मेला, त्याच्या नावाचा दगड. असे दगड आपल्याकडे गावोगाव आहेत. कुठे त्यांचा शेंदूर लावून देव झालाय, कुठे धुणं आपटायला उपयोग होतो. त्यांची रीत ठरलेली असते. खालच्या मजल्यावर वीर लढतो, मधल्या मजल्यावर अप्सरा त्याला उचलून नेतात, वरच्या मजल्यावर तो कैलासात महादेवासमोर हात जोडून बसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. निवळखेडच्या दगडावर मात्र खालचा मजलाच आहे. काठी घेतलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती एकमेकींना रेटत उभ्या असलेल्या गाई. वर काहीही नाही. तासून गुळगुळीत केलेली कोरी जागा.

तर असे सांगतात, की फार पूर्वी, कोणत्या राजाच्या वेळी ते कोणालाच माहीत नाही, या गावात भोजा नावाचा गुराखी होता. सगळ्या गावाची गुरं तो रानात नेई. एका वैशाखात घाटावरून चोर उतरले आणि त्यांनी एकवीस गाई हाकून नेल्या. भोजा एकटा काठी घेऊन त्यांच्या मागे गेला. संध्याकाळी गाई आपल्या पायांनी परत आल्या, एकवीसच्या एकवीस. भोजा आला नाही. शोधायला गेलेल्यांना कड्याच्या टोकाशी त्याची मोडकी काठी आणि रक्ताने भिजलेलं मुंडासं सापडलं. खाली खोल दरी होती आणि तिथे उतरायला वाट नव्हती.

प्रेत नाही, तर दिवस कसे घालायचे? जाणत्यांनी बसून ठरवलं, की भोजाचा वीरगळ करायचा, तो पोळ्याला उभा करायचा, माथ्यावर चंद्र-सूर्य कोरले की गावाच्या लेखी भोजा गेला. त्याच दिवशी क्रियाकर्म उरकायचं आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचं, रेवाचं, कुंकू पुसायचं. तिला कोणी विचारलं नाही. विचारण्याची पद्धतच नव्हती.

दगड घडवायला नागू पाथरवटाला बोलावलं. नागू म्हणजे त्या खोऱ्यातलं मोठं नाव आणि तितकंच मोठं नाक. स्वभाव तापट, आपल्या हाताचा गर्व भारी. 'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडून त्याच्या आईनेही ऐकला नव्हता, म्हणे. दगड निवडताना तो हातोडीने ठोकायचा आणि कान लावायचा. चांगला दगड खणखणीत वाजतो, आत चीर असेल तर भद्द बोलतो. त्याने ओढ्यातले अकरा दगड असे नापास केले, बाराव्याला कान लावला आणि पहिल्यांदाच हसला. पावसाळ्यानंतर त्याला हरणेश्वराच्या देवळाची चौकट घडवायची होती. पाथरवटाला असं काम जन्मात एकदा मिळतं. निवळखेडचा पाटील त्या देवळाच्या पंचांत होता, म्हणून नागूने हे काम लगेच पत्करलं.

रीतीप्रमाणे पाथरवटाची भाकरी वीराच्या घरून यायची. काम गावातल्या देवळाच्या मंडपात चाले. रेवा रोज दुपारी तिथे भाकरी घेऊन येई, आणि तो जेवून पुन्हा छिन्नी धरी तोवर बसून राही. नागूला कामाच्या वेळी कोणी बघत बसलेलं अजिबात खपत नसे. पण जिच्या घरची भाकरी खायची तिला ऊठ कसं म्हणायचं? त्यात ती गप्प बसणारी नव्हती.

"डावा पाय जरा बाहेर पडतो त्येचा," ती म्हणाली. नागूने तोंड वाकडं केलं आणि पाय बाहेर वळवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढा रागीट न्हाई दिसत त्यो. गाईंवर ओरडायचा, पर डोळं हसायचं." नागूने डोळ्यांवर दोन दिवस घालवले. भोजाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण आठव्या दिवशी दगडातला माणूस बघून रेवाने पदराने तोंड झाकलं, तेव्हा तो ओळखीचा झाला असावा हे नागूला कळलं.

त्या दिवशी तिने भाकरीच्या फडक्याची गोष्ट सांगितली. ज्या सकाळी भोजा गेला, त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. पिठलं खारट झालंय, असं तो म्हणाला. मग स्वतः करून खा, असं ती म्हणाली. तो तरातरा निघून गेला आणि बांधून ठेवलेली भाकरी तशीच राहिली. ती याच फडक्यात होती.

"उपाशी गेलाय त्यो, दादा," ती म्हणाली. "उपाशी माणूस घरला येतो."

 नागूचीही बायको वारली होती आणि तिच्याशी तो शेवटचं काय बोलला होता, ते त्याला चांगलं आठवत होतं. ते काही चांगलं नव्हतं.

मग तिने विचारलं, की आता वर काय येणार. नागूने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की वर अप्सरा येणार आणि भोजाला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेणार.

"परक्या बाया?" रेवा म्हणाली. "काखंत धरून? त्येला गुदगुल्या हुत्यात, दादा. हसंल त्यो." आणि ती स्वतःच हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि रडताना तिने नागूच्या पायापुढच्या दगडाच्या भुग्यावर हात ठेवला. "वर नका नेऊ त्येला. खालीच राहू द्या."

नागू पाथरवट त्या दिवशी पहिल्यांदा हातोडी खाली ठेवून लवकर उठला, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चावडीवर गेला आणि पाटलाला म्हणाला, की ज्या गाईंसाठी माणूस गेला त्या गाई दगडावर नकोत का? पाटलाला ते पटलं. नागू म्हणाला, की मग सगळ्या हव्यात, आणि प्रत्येक गाय समोर उभी केल्याशिवाय मला कोरता येत नाही. झालं! गावात एकच धांदल उडाली. ज्याच्या त्याच्या गाईला आंघोळ, शिंगांना तेल. कोणाची कपिला, कोणाची वाकड्या शिंगाची. माझी गाय पुढे हवी आणि त्याची मागे, यावरून दोन सख्ख्या चुलत भावांचं बोलणं बंद झालं. एका गाईने नागूचं उपरणं खाल्लं. नागू ओरडत होता, शिव्या देत होता, आणि एकेका गाईला तीन-तीन दिवस लावत होता. तेराव्या गाईच्या वेळी सातवी व्याली, तेव्हा वासरूही कोरलंच पाहिजे म्हणून तो अडून बसला. तेवढेच दोन दिवस मिळाले. गावाला वाटलं, काय मन लावून काम करतो हा! तो फक्त दिवस ढकलत होता. दरीतून एखादा माणूस लंगडत वर यायला किती दिवस लागतील, याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. पण जितके देता येतील तितके त्याला द्यायचे होते.

आषाढ गेला, श्रावण संपत आला. एकविसावी गाय झाली आणि पोळा दोन दिवसांवर आला. आता कोरायला अप्सराच उरल्या होत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटील, पंच आणि सगळा गाव मंडपात जमला. मधला आणि वरचा मजला पाथरवट नुसता रेघेने धरेल, चंद्र-सूर्य तेवढे संध्याकाळपर्यंत नीट कोरेल आणि उद्या दगड उभा राहील, असं ठरलं. एका बाजूला म्हाताऱ्या बायका रेवाला मध्ये घेऊन बसल्या होत्या. एकीच्या हातात ओला कपडा होता. रेवाने त्या दिवशी कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं, असे सांगतात.

नागूने छिन्नी माथ्याला टेकवली आणि हातोडी उचलली. मग तशीच खाली घेतली. दगडाला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"दगड कच्चा आहे," तो म्हणाला. "पोटात चीर आहे. आता एक घाव घातला तर खालपर्यंत दुभंगेल. गाईंसकट."

 सगळा गाव एकदम बोलायला लागला. ज्याची त्याची गाय त्या दगडात होती! घाव घाला असं म्हणणारा एकही निघेना. दुसरा दगड आणावा, तर एकवीस गाई पुन्हा कोरायला वर्ष जाणार. आणि अर्ध्या वीरगळावर कोणाचं क्रियाकर्म होत नाही, हे जाणत्यांनीच ठरवलेलं होतं. पाटील तेवढा संतापला.

"नाग्या, दगड ठोकून न बघताच आणलास? तू?"

नागूने मान खाली घातली. सगळ्या खोऱ्यात ज्याच्या कानाचं नाव होतं, तो माणूस भर गावासमोर म्हणाला, "चुकलो."

"हरणेश्वराची चौकट आता विसर," पाटील म्हणाला.

तेही नागूने ऐकून घेतलं. हत्यारं गोळा केली आणि उजेड होता तोवर तो गावाबाहेर पडला. पुढे 'कच्च्या दगडाचा नागू' हेच त्याचं नाव झालं. देवळाचं काम त्याला पुन्हा कोणी दिलं नाही. गावोगाव फिरून तो जात्या-पाट्यांना टाकी लावायचा आणि पोट भरायचा, असे सांगतात.

बायका उठल्या, ओला कपडा तसाच परत गेला. सगळी पांगल्यावर रेवा दगडाजवळ आली. लहानपणापासून ती डोंगरात वाढलेली, दगड तिलाही कळत होता. तिने एक खडा उचलला आणि वरच्या कोऱ्या जागेवर हलकेच मारला.

दगड खणखणीत वाजला. देवळातल्या घंटेसारखा.

ती धावत वेशीपर्यंत गेली. नागू ओढ्यापलीकडे गेलेला होता. हाक मारावी, सगळ्या गावाला ओरडून सांगावं की हा माणूस चुकलेला नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगितलं की भोजा मेला. ती तशीच उभी राहिली. तिने हात जोडले आणि तो दिसेनासा होईपर्यंत जोडलेलेच ठेवले.

भोजा आला नाही. आला असता तर गोष्ट किती गोड झाली असती, पण निवळखेडमध्ये कोणी तसं सांगत नाही. रेवा म्हातारी होऊन कुंकवासकट गेली. रोज एक भाकरी जास्तीची करायची आणि दाराशी येईल त्या उपाशी माणसाला द्यायची. कोणी दगडाबद्दल विचारलं की सगळ्यांच्या आधी तीच म्हणायची, कच्चा आहे हो तो. पुढे वर्षावर्षांत कोणी ना कोणी खडा मारून बघितलाच असणार. हळूहळू सगळ्या गावाला कळलं. कोणी ते बोलून दाखवलं नाही. वरचं काम पुरं करा, असंही कोणी म्हणालं नाही. पाटलानेही नाही.

आजही पोळ्याला निवळखेडमध्ये बैलांच्या आधी या एकवीस गाईंना पुरणपोळीचा नैवेद्य असतो, आणि आपली गाय कोणती, यावरून आजही थोडी कुरबूर होते. नवी सून गावात आली की ती वरच्या कोऱ्या जागेला कुंकवाचं बोट लावते.

दोन वर्षांपूर्वी जुन्या शिलालेखांचा अभ्यास करणारी एक मुलगी वही घेऊन आली होती. तिने गाई बरोबर एकवीस मोजल्या, त्यामुळे केरबा जरा हिरमुसलेच. मग ती म्हणाली, "आजोबा, वरचा भाग कोरा का ठेवलाय?"

"दगड कच्चा हाय, बाई."

तिला काही ते पटलं नाही. तिने पेनाच्या टोपणाने दगडावर टकटक केलं. दगड वाजला. थांब्यावरचं बोलणं एकदम थांबलं. चहावाला, पाटीवाली, गाडीला आलेली दहा-बारा माणसं, सगळे तिच्याकडे बघायला लागले. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसते बघत होते, काय म्हणते ती ऐकायला.

मुलीने सगळ्यांकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. वही मिटली.

"हो, कच्चाच आहे," ती म्हणाली.