पिटूची गंजलेली घंटा

एक होती उंदरीण. एवढीश्शी! नाव तिचं पिटू.

पिटूच्या बिळापाशी होती सायकलची जुनी घंटा. मांजर आलं, की पिटू खटका ओढायची. ट्रिंग ट्रिंग! पिल्लं सुर्रकन बिळात.

एकदा पिटूनं खटका ओढला. घंटा म्हणाली, "खर्र!" कुठे गेली ट्रिंग? गंजानं खाल्ली!

पिटूनं पाय आपटला. "माझी ट्रिंग मला हवी! हवी म्हणजे हवीच!"

अंगणात होती चंद्राकाकू. उद्या खंडेनवमी. उद्या हत्यारांची पूजा. काकू कात्री घासत होती, कोयता घासत होती. घस घस घस!

"काकू काकू, माझी घंटा घास."

"लिंबू संपलं गं बाई! आधी लिंबू, मग घंटा."

पिटू निघाली झाडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"झाडा झाडा, लिंबू दे.
काकू घंटा घासेना,
घंटा ट्रिंग वाजेना,
मी मुळीच हटेना!"

"मुळं सुकली माझी. आधी पाणी, मग लिंबू."

पिटू निघाली हापशाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"हापशा हापशा, पाणी दे.
झाड लिंबू देईना,
काकू घंटा घासेना,
घंटा ट्रिंग वाजेना,
मी मुळीच हटेना!"

"कुईं कुईं! दांडा अडलाय. आधी तेल, मग पाणी."

पिटू निघाली तुकामामाकडे. मामा शिंपी. मशीनजवळ तेलाची कुपी.

"मामा मामा, तेल दे.
हापसा पाणी देईना,
झाड लिंबू देईना,
काकू घंटा घासेना,
घंटा ट्रिंग वाजेना,
मी मुळीच हटेना!"

"अगं, सुई गेली कपाटाखाली. माझा हात जाईना. आधी सुई, मग तेल."

कपाटापाशी कोण? मनीमांजर! झोपली होती. घुर्र घुर्र.

पिटूनं शेपटी पोटाशी ओढली. पण पिटू मागे फिरली? छे! ती हळूच पुटपुटली,

"मामा तेल देईना,
हापसा पाणी देईना,
झाड लिंबू देईना,
काकू घंटा घासेना,
घंटा ट्रिंग वाजेना,
मी मुळीच हटेना!"

सुळ्ळकन आत. सुई तोंडात. सुळ्ळकन बाहेर!

सुई मिळाली, मामानं तेल दिलं.
तेल मिळालं, हापशानं पाणी दिलं. भळ भळ भळ!
पाणी मिळालं, झाडानं लिंबू दिलं. टप्प!
पिटूनं लिंबू ढकललं. गडगड गडगड.
लिंबू मिळालं, काकूनं घंटा घासली. लिंबू आणि मीठ, घस घस घस! गंज गेला. घंटा चमकली.

दुसऱ्या दिवशी काकूनं पाटावर हत्यारं मांडली. कात्री, कोयता, विळी. सगळ्यांना झेंडूचं फूल.

"आणि माझी घंटा?" पिटू ओरडली. "माझं हत्यार तेच!"

काकू हसली. "खरंच की गं!" घंटा पाटावर बसली. तिलाही कुंकू, तिलाही फूल.

इतक्यात मनी आली. दबकत दबकत.

पिटूनं खटका ओढला. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

मनी पळाली कुंपणापार,
पिल्लं बिळात गपगार!