मत नसलेल्याची खुर्ची

“आणि मतं घेतात तेव्हा तू कुठं असतोस रे?”

तबिथाबाईंनी मान वर न करताच विचारलं. शेंगा सोलणं चालूच होतं.

सायलस गांगरला. शेकडो मैल तुडवून तो एवढंच सांगायला आला होता, की आता पुरे, राजीनामा देतो. हा प्रश्न त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

“बाहेर... व्हरांड्यात.”

“का बरं?”

“आत बसून काय करू, बाई? आपला मुलूख अजून राज्य नाही. वॉशिंग्टनच्या सभागृहात मला खुर्ची आहे, बोलायची मुभा आहे, मत नाही. कारकून एकेकाचं नाव पुकारतो नि माझं गाळून पुढं जातो. सगळे गालात हसतात. बुजगावणं झालंय माझं!”

“बुजगावण्याला निदान पाखरं भितात. आणि ते शेत सोडून व्हरांड्यात जात नाही.”

याच बाईंनी सायलसला अक्षरं शिकवली होती. खोऱ्यातल्या एकूणएक सभेत त्या पहिल्या बाकावर ठाण मांडून बसत. त्यांना स्वतःला मत नव्हतंच, बायकांना कुठलं?

“महिनाअखेरीला ठराव आहे. आपल्या नदीचं पाणी रेल्वे कंपनीला द्यायचा,” तो म्हणाला. कोटातून त्यानं कागदांचं भेंडोळं काढलं. खोऱ्यातल्या नऊशे माणसांचा त्याविरुद्धचा अर्ज... सह्या, अंगठे. “हा तुम्हीच ठेवा. मला लाज वाटते.”

बाई उठल्या. भेंडोळं घेतलं. लोखंडी चुलीचं दार उघडलं. आत लाकूड फाटकन फुटलं, तसा सायलस दचकला.

“जाळायचं की ठेवायचं, ते आता ठरवते. मत माझं एकटीचं. तू हो व्हरांड्यात.”

“बाई, थट्टा नका...”

“जा म्हटलं ना!”

तो दारापर्यंत गेला. कडीला हात लावला... मागं जाळ धडधडत होता.

त्या कागदावरचा पहिला अंगठा शेजारच्या म्हाताऱ्या जेडेडायाचा होता. वाकडा, करवतीनं अर्धा कापलेला.

सायलस वळला. बाईंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. बोलला नाही, हात पुढं केला नाही. नुसता त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला.

भेंडोळं जाळाच्या तोंडाशी होतं. बाईंची बोटं लाल होत चालली. त्यानं नजर हलवली नाही.

एक क्षण... दोन...

बाईंनी हात मागं घेतला. भेंडोळं त्याच्या छातीवर टेकवलं.

त्यानं ते कोटात घातलं. गळ्यापर्यंत बटणं लावली. टोपी उचलली, मग थबकला.

“बाई... हात पोळला असेल तुमचा.”

“पोळलाच. पण मागं घेतला, तो त्यापायी नव्हे.”