घडा टेकवायची जागा

भोरवण पेठेच्या वर, गडाकडे जाणाऱ्या वाटेवर, एका अरुंद वळणाला काळ्या खडकाचा कट्टा आहे. उंची माणसाच्या कमरेएवढी. त्याच्या मधोमध गोल खळगा आहे, घडा नेमका बसेल एवढा. भर चैत्रातही त्यात चार ओंजळी पाणी असते. कट्ट्याच्या एका अंगाला कातळाची भिंत, दुसऱ्या अंगाला सरळ दरी. दरीच्या तळाशी उंबरी नदी दिसते आणि नदीच्या अलीकडे ओळीने लावलेले द्राक्षांचे मळे.

हल्ली थंडी सरता सरता शहरातली माणसे या भागात पायी फिरायला येतात. डोंगरावरची जुनी गावे पाहत चार दिवस चालायचे आणि शेवटच्या दिवशी खालच्या वाइनरीत जाऊन वाइन चाखायची, असा त्यांचा बेत असतो. ती भोरवणला पोचली की वाटाडे नवसूबाबा गवारी प्रत्येकाच्या हातात तांब्याचा एक लहान घडा देतात. तो नदीवर भरायचा आणि गडावरच्या जुन्या द्राक्षवेलीच्या मुळाशी नेऊन ओतायचा. मात्र या कट्ट्यावर तो टेकवायचा, मागे वळायचे, आपल्या मागून कोण येत आहे त्याला नावाने हाक मारायची. ते माणूस येऊन पोचले की मगच घडा उचलायचा. जो टेकवत नाही त्याला बाबा पुढे जाऊ देत नाहीत.

गेल्या माघात आलेल्या एका गटात परचुरे नावाचे गृहस्थ होते. चालायला चपळ. मनगटावरच्या घड्याळात पावले मोजत ते सगळ्यांच्या पुढे असत. कट्ट्याशी येऊनही त्यांनी घडा खाली ठेवला नाही.

"बाबा, मी न टेकवता नेतो. मला जमेल," ते म्हणाले.

"जमंल की. न्याल तुम्ही," बाबा म्हणाले. "तीच तर भीती हाये. मागची मंडळी येईस्तोवर बसा जरा."

मग बाबांनी जे सांगितले ते असे.

फार वर्षांपूर्वी या गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार होता. तेव्हा खाली मळे नव्हते. पंचक्रोशीत द्राक्षाची वेल एकच होती, ती गडावर. कुणा व्यापाऱ्याने दूर देशाहून तिचे रोप आणून दिले होते. हैबतरावाने तिला स्वतःच्या हाताने मांडव घातला, पण सात वर्षांत तिला एक घड लागला नाही. लोकांनी हसू नये म्हणून तो कुणाला मांडवाकडे फिरकू देत नसे.

पेठेत वाळू नावाचा वाटाड्या राहत असे. धुके उतरले की या डोंगरात पुढचा माणूस दिसत नाही. म्हणून वाटाड्या पुढे चालतो आणि जिथे वाट फुटते तिथे चुकीच्या वाटेवर डहाळी आडवी टाकतो. मागच्यांनी डहाळी पाहायची आणि ती वाट सोडायची. डहाळी काटेरी हवी, बोरीची नाही तर बाभळीची, अशी रीत. हैबतरावाच्या मुलीचे वऱ्हाड गड चढत होते त्या सकाळी धुके दाट होते. वाळूच्या हाताशी बोर नव्हती. त्याने उंबराची ओली डहाळी तोडली आणि टाकली. तो पुढे गेला, आणि कुणाची तरी शेळी आली, पाला खात खात डहाळी ओढून घेऊन गेली. वऱ्हाड मोकळ्या दिसणाऱ्या वाटेने वळले. नवऱ्या मुलाचा बाप घोड्यासकट कड्यावरून खाली गेला. लग्न मोडले. वाळूला गडावरच्या कोठीत कोंडले.

त्याची बायको धुरपा. तिला चार वर्षांची एक मुलगी होती, चिमी. धुरपा मुलीला कडेवर घेऊन गडावर गेली आणि हैबतरावाच्या पायाशी बसली.

"सरकार, त्यानं टाकली व्हती डहाळी. शेळीनं खाल्ली."

"मग शेळीला कोठीत टाकू का?" हैबतराव म्हणाला. जवळचे लोक हसले.

ती उठेना. तेव्हा त्याचे लक्ष वेलीकडे गेले, असे सांगतात. वेलीला टाक्याचे साचलेले पाणी मानवत नाही, वाहते पाणी हवे आणि ते मातीला न टेकता यायला हवे, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. उंबरी नदीपासून गड म्हणजे अडीच कोसांची उभी चढण. तेवढ्या वाटेत डोक्यावरचा घडा एकदाही खाली न ठेवणारा माणूस त्याला मिळाला नव्हता.

"चाळीस दिवस पाणी घाल," तो म्हणाला. "चाळिसाव्या दिवशी नवऱ्याला घेऊन जा. पण घडा वाटेत कुठं टेकला तर पुन्हा एकपासून."

धुरपाने डोळे पुसले आणि विचारले, "रोज एकच खेप ना?" तिला ते सोपे वाटले होते.

तिच्यावर नजर ठेवायला राणबा नावाचा शिपाई नेमला. तिने नदीवर घडा भरला की त्याने तिच्या मागे चालायचे. नजर घड्यावर. नजर हलली तर कोठीत त्याची जागा.

किल्लेदाराच्या भीतीने चिमीला सांभाळायला पेठेत कुणी तयार होईना. म्हणून तीही बरोबर यायची. धुरपाच्या डोक्यावर घडा, मागे लोंबणारा पदर मुलीच्या मुठीत, आणि त्यामागे राणबा, असे तिघे रोज पेठेतून वर जात. बाया दारात उभ्या राहून बघत, बोलत नसत.

कोठीकडे कुणाला जाऊ देत नसत. धुरपा रोज नाचणीची भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून आणी आणि वर पोचली की राणबाच्या हाती देई. घरात पीठ थोडे. भाकरी एकच व्हायची. मायलेकी कण्यांची पेज पीत.

"दादा, काल जेवला का हो तो?" ती विचारी.

"जेवला."

"काही म्हणला?"

"चटणीला तिखट कमी घाल म्हणला."

दुसऱ्या दिवसापासून तिने तिखट कमी घातले.

वाळूला कोठीत ताप भरला होता. नवव्या दिवशी तो गेला. त्याचे प्रेत मागच्या तटावरून खाली टाकले. गडावर हे सगळ्यांना माहीत होते आणि हळूहळू पेठेतही कळले. पण त्याच सुमारास वेलीच्या काडीला कोवळे कोंब फुटले होते. हैबतरावाने ताकीद दिली, तिच्यापाशी जो बोलेल त्याची जीभ जाईल.

अकराव्या दिवशी चढणीवर चिमीच्या पायात काटा मोडला. ती रडायला लागली, तशी धुरपाने घडा दगडावर ठेवला, मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि दाताने काटा काढला. पुन्हा घडा उचलून ती वर गेली. राणबाने पाहिले ते वर जाऊन सांगितले.

"आज एक," हैबतराव म्हणाला.

तेव्हा वाळूला जाऊन दोन दिवस झाले होते. राणबा तिथेच उभा होता. त्याने खाली पाहिले, म्हणे.

त्यानंतर धुरपाने घडा टेकवला नाही. मान सुजली, डोक्यावर चुंबळीखाली फोड आला, फुटला, पुन्हा आला. चिमी मागून काही म्हणाली की ती न वळता उत्तर देई. मुलगी बारीक होत गेली. पदर धरून चालता चालता ती झोपायची आणि झोपेतच चालायची. धुरपा तिला सांगायची, "आता थोडे ऱ्हायले. बाप खांद्यावर बसवून आणील तुला खाली." चिमीला बापाचा खांदा आठवत होता. ती मोजायला शिकली ती याच वाटेवर, असे सांगतात.

नव्या मोजणीचा चाळिसावा दिवस चैत्रातला होता. दगड तापले होते. पेठ मागे पडली, आणि या वळणाशी, या कट्ट्यापाशी, धुरपाच्या पदराची ओढ एकदम सैल झाली.

"आये, थांब," चिमी म्हणाली. ती कट्ट्याच्या सावलीत बसली होती. अंग चटचटत होते.

धुरपा थांबली. मान वळवता येत नव्हती. कट्टा तिच्या हाताशी होता. घडा त्याच्यावर ठेवायला एक क्षण लागला असता.

"हितंच बस," ती म्हणाली. "हलू नको. पाणी घालते आन बापाला घिऊनच येते."

"मला उचल."

"आता एवढंच, माझे बाय."

ती चालू लागली. राणबा मुलीला ओलांडून पुढे गेला. त्याचे हात रिकामे होते, पण हुकूम घड्याचा होता.

वीसेक पावले झाली असतील. मागे लहान पावले वाजली. मग दगड घरंगळला. मग काहीच नाही.

धुरपा जागच्या जागी उभी राहिली. घड्यातले पाणी हलून तिच्या कपाळावर आले. असे सांगतात, की तिने पाच वेळा श्वास घेतला आणि विचारले, "दादा, दगडच गेला ना?"

राणबाने एक शब्द खरा उच्चारला असता, मुलीबद्दल किंवा नवऱ्याबद्दल, तरी घडा तिथेच खाली आला असता. तो म्हणाला, "दगडच."

त्याच्या आवाजातले खोटे तिने ओळखले, असे काही म्हणतात. पण कोठीत एक माणूस जिवंत आहे असे ती धरून चालली होती, आणि सगळेच हातचे जाऊ नये म्हणून ती वर गेली.

तिने वेलीला पाणी घातले. मांडवाला हिरवे, मोहरीएवढे घड लागले होते. हैबतराव खुशीत होता.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "राणबा, कोठी उघड. घेऊन जाऊ दे तिला."

कोठीत फाटके घोंगडे होते आणि कोपऱ्यात जेवणाचा मातीचा परळ. धुरपा आत जाऊन चारही कोपऱ्यांत हात फिरवून आली.

"कुठं हाये?"

"तो होय. तो मागेच गेला," हैबतराव म्हणाला. "तुझी पहिली मोजणी चालली होती तेव्हा."

"मग सांगितलं का न्हाई?"

"पाणी थांबलं असतं."

धुरपा रडली नाही. रिकामा घडा घेऊन ती उतरली. कट्ट्याशी आली, घडा त्यावर ठेवला, अगदी सावकाश, दोन्ही हातांनी, आणि ज्या बाजूला मुलगी गेली होती त्या बाजूला उतरली. तिकडे वाट नाही.

त्या वर्षी वेलीला घड आले. हैबतरावाने पहिला घड खाल्ला आणि त्याला तहान लागली. टाक्याचे पाणी तो प्यायला, विहिरीचे प्यायला, तहान जाईना. नदीचे पाणी आणा म्हणाला. माणसे गेली, घडे भरले, निघाली. पण या वळणाशी प्रत्येकाला मागून लहान मुलाची हाक ऐकू येई, "थांब." माणूस घडा कट्ट्यावर ठेवून मागे वळे. मागे कुणी नसे. आणि टेकवलेला घडा पुन्हा हलत नसे. चार गडी लावले तरी हलेना. पाणी खडकात जिरून जाई. चाळीस माणसे पाठवली, म्हणे, आणि चाळिसाव्या दिवशी हैबतराव ओठ फुटून मेला. धुरपाचा घडा खडकात गेला. हा खळगा तोच.

बाबा थांबले. मागची मंडळी एव्हाना येऊन बसली होती. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारले, "पण बाबा, वाटेवर तर तिघंच होते. दोघी गेल्या. मग हे सगळं सांगितलं कुणी?"

"राणबानं," बाबा म्हणाले. "चाकरी सोडून तो हितंच बसला. येणाऱ्याजाणाऱ्याचा घडा टेकवून घ्यायचा आन हे सांगायचा. मरेस्तोवर."

"आणि त्या भाकऱ्या? वाळू तर नव्हता."

"घरी न्यायचा. घरी पोरं व्हती." बाबांनी खळग्यातले एक वाळके पान काढून टाकले. "त्या भाकरीवर वाढलेलं घर आमचं. राणबा आमचा मूळपुरुष. तवापासून गवाऱ्यांनी दुसरा धंदा केला न्हाई."

परचुरे उठले. त्यांनी घडा खळग्यात ठेवला आणि मागे पाहिले. बायको अजून दोन वळणे खाली होती, गुडघ्यावर हात टेकत येत होती. तीन दिवस ती अशीच मागून येत होती.

"सुलभा," त्यांनी हाक मारली. "सावकाश ये. थांबलोय मी."

आजही त्या जुन्या वेलीचे घड कुणी तोडत नाही, ते पाखरे खातात. आजही भोरवणच्या उतारावर द्राक्षतोडणी चालू असली, वाइनरीची गाडी बांधावर उभी असली, तरी मळ्यात कुठे मूल रडले की त्याची आई डोक्यावरचे द्राक्षांनी भरलेले कॅरेट आहे तिथे खाली ठेवते आणि जाते. मागच्या बाया आपापली कॅरेट खाली ठेवतात आणि ती येईपर्यंत उभ्या राहतात. मुकादम घड्याळाकडे पाहत नाही. गाडीवाला परगावचा असला आणि ओरडला, तर त्याला कुणीतरी वरचा कट्टा दाखवते.