मंजुळाबाई आणि झोपलेला डोंगर

एक होता डोंगर. राजाही होता, पण तो मागून येईल. राजे उशिराच येतात.

तर हा डोंगर फार उंच आणि फार म्हातारा. त्याच्या पायाशी एक गाव होतं, पायथी नावाचं. गावातले लोक डोंगराला आबा म्हणत. उन्हाळ्यात आबा जागा असायचा. मेंढरांना गवत द्यायचा, माणसांना झऱ्याचं पाणी द्यायचा. थंडी पडली की झोपायचा. मग आभाळ त्याच्या अंगावर बर्फाच्या गोधड्या घालायचं, एकीवर एक. इथवर ठीक. पण झोपेत आबानं कूस बदलली की सगळ्या गोधड्या घसरून खाली यायच्या. आणि ती काही तुमची गोधडी नव्हे, बरं का. तिच्याखाली घरंच्या घरं गडप.

म्हणून पायथीत एक रीत होती. थंडीतला एक महिना सगळ्यांनी हळू बोलायचं. त्याला म्हणत हळूमास. हळूमासात मेंढरांच्या घंटांत लोकर कोंबत. उखळात कुणी काही कुटत नसे. भांडायचं झालं तर खुणांनी. कोंबडे तर खालच्या गावी पाहुणे म्हणून धाडत. आणि कोंबड्यांबरोबर दरवर्षी आणखी एकीला धाडत. तिचं नाव मंजुळाबाई.

नाव मंजुळा, पण आवाज असा, की तिनं चुलीपाशी बसून "मीठ कुठंय?" विचारलं की तीन घरांतून मीठ यायचं. तिचा नवरा शिदोबा. तो इतका हळू बोलायचा, की लग्नात त्यानं घेतलेला उखाणा अजून कुणाला कळलेला नाही. दरवर्षी तो बायकोला घाटापर्यंत पोचवायचा आणि पुटपुटायचा, "जपून राहा गं." ती म्हणायची, "काऽय?" झालं. दरीतल्या सगळ्या गावांना कळायचं, मंजुळाबाई निघाली.

एकदा काय झालं, बर्फ लवकर आलं आणि घाट बंद झाला. कोंबडे आधीच गेले होते. मंजुळाबाई मात्र राहिली. मग पंचांनी ठरवलं, हिनं महिनाभर तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं. पंचांत बाई एकही नव्हती, हे सांगायला नकोच. बसली बिचारी गाल फुगवून.

मग वादळ आलं. पहिल्या दिवशी आभाळानं एक गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी दोन घातल्या. तिसऱ्या दिवशी इतक्या घातल्या, की वर देवांच्याही अंगावर काही उरलं नसेल. आबा झोपेत कण्हायला लागला. पळायला वाट नव्हती. गाव श्वास रोखून बसलं.

आता येतो राजा. हा राजा कनवाळू होता. त्याला गावाची काळजी वाटली, म्हणून त्यानं हुकूम काढला, "पायथीत कुणीही आवाज करू नये." हुकूम काढला की दवंडी आली. दवंडी आली की ढोल आला. मग बर्फ उपसत राजा आला, प्रधान आला, ढोलवाला आला, आणि त्यांच्यामागं वाट पुन्हा बुजली. डोंगराखाली बरोबर मधोमध उभे राहिले. ढम् ढम् ढम्! "ऐका हो ऐका! आवाज बंऽद!"

आबानं झोपेत नाक खाजवलं. वरची देवदाराची झाडं आडवी झाली.

लोक घाबरून हातवारे करायला लागले. प्रधान म्हणाला, "महाराज, प्रजा आनंदानं नाचतेय." मग दुसरी दवंडी. ढम् ढम् ढम्! आबानं पाय हलवला. गावाबाहेरचे रिकामे गोठे दिसेनासे झाले.

शिदोबा धावत राजाच्या कानाशी गेला आणि काहीतरी म्हणाला. राजाला ते ऐकू आलं नाही. प्रधान म्हणाला, "दवंडी तीनदा पिटायची असा नियम आहे." हा नियम कुणी केला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

ढोलवाल्यानं हात उचलला. तेवढ्यात मंजुळाबाई आली आणि ढोलावर बसली. ढोल फस्स! तोंडातली गुळणी प्रधानाच्या जोड्यांवर.

मग मंजुळाबाई जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. "महाराज, आबा आता कूस बदलणारच. प्रश्न एवढाच, की कुठल्या अंगाला. मी पाच लेकरं निजवलीत. झोपेतलं लेकरू आईची हाक येते तिकडे वळतं. मी पलीकडच्या ओसाड दरीत जाते. तिथून हाक मारते."

"अगं, म्हणजे गोधड्या तुझ्या अंगावर येतील!" राजा कुजबुजला.

"मग तुम्ही घेता अंगावर?"

"जपून जा हो बाई," राजा म्हणाला.

शिदोबानं तिचा पदर धरला. "मीही येतो."

"तुम्ही इथंच थांबा. मला शोधायला कुणीतरी हवं की नको?"

मग ती आबाच्या खांद्यावरून वळसा घालून ओसाड दरीत गेली. पहिली हाक मारली, "आबाऽऽ!" आबाच्या कानात बर्फ. काही नाही. दुसरी हाक मारली, "आबाऽऽ, इकडे वळाऽऽ!" आबा म्हणाला, "हं." तुम्ही शाळेच्या वेळी म्हणता ना, तसंच. हलला मात्र नाही. मग तिनं पाची लेकरांना मारायची तशी तिसरी हाक मारली, "माझं शहाणं बाळ ते! ये रे सोन्या, आईकडे वळ!"

हजार वर्षांत त्याला कुणी बाळ म्हटलं नव्हतं, बरं का. सगळे आपले आबा, आबा. तो झोपेत हसला. आणि वळला.

धडाऽऽड धूम! सगळ्या गोधड्या ओसाड दरीत. गावाकडे फक्त एक मूठ बर्फ आलं, ते राजाच्या मानेवरून अंगरख्यात गेलं.

मग सगळे दरीकडे धावले. पाहतात तर सारं पांढरं सपाट. खणायचं कुठं? लोक सवयीनं कुजबुजले, "मंजुळाबाई... मंजुळाबाई..." ते तिला काय ऐकू जाणार?

मग शिदोबानं छाती भरून घेतली. जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"मंजुळेऽऽऽ!"

आणि बर्फाच्या पोटातून आवाज आला, "ओरडताय कशाला? मी काय बहिरी आहे? डावीकडे खणा! डावीकडे! प्रधानजी, ते उजवं!"

आवाजाच्या मागावर सगळे खणत गेले. राजासुद्धा. पाहतात तर आबानं खडकाचा एक हात ओंजळीसारखा तिच्यावर धरलेला, आणि आत मंजुळाबाई मांडी घालून बसलेली. म्हणाली, "भाकरी आणलीत, की नुसतेच आलात?"

शिदोबानं तिथंच लग्नातला उखाणा पुन्हा घेतला, मोठ्यानं. त्यात तिचंच नाव निघालं. दुसरं कुणाचं असणार?

राजानं हळूमास बंद केला. दवंडी पिटायला ढोल नव्हताच. मंजुळाबाईनं एकदा सांगितलं, राज्यभर कळलं. घाट उघडल्यावर कोंबडे परत आले आणि मनसोक्त आरवले. दर थंडीत मंजुळाबाई खांद्यावरच्या वाटेनं जाते, वरूनच आबाला ओसाड दरीकडे तोंड करून निजवते आणि जेवायला घरी येते.

ती सुखात राहिली, गावही राहिलं. प्रधानसुद्धा, काय करणार!

चला, आता तुम्हीही कूस बदला. कुठल्या अंगाला? हाक येतेय तिकडे. आणि शकू, वळताना सगळी गोधडी ओढून नेऊ नकोस. म्हातारीलाही थंडी वाजते.