राजाची उपाशी पिशवी

एक होता राजा. राजा म्हटल्यावर मिशा आल्या, हत्ती आले, सिंहासन आलं. ते सगळं होतं. पण या राजाला शिवण काही येत नव्हती. आता तुम्ही म्हणाल, आजी, राजाला कशाला हवी शिवण? तेच तर सांगते आहे. मधे मधे बोलू नका. आणि अनू, पाय पांघरुणात घे आधी.

या राजाला तीन मुली. थोरली केतकी, मधली शेवंती आणि धाकटी बकुळा. त्यांची आई, म्हणजे राणी, हातानं फार सुरेख शिवायची. राजवाड्यात शिंपी काय कमी होते? पण घरच्या माणसांचं शिवणकाम तिनं कधी शिंप्याकडे टाकलं नाही. बाळाचं झबलं तीच शिवायची, सासूबाईंची पानाची चंची तीच शिवायची, राजाच्या उशीचा अभ्रासुद्धा तिच्याच हातचा. आणि लेक सासरी निघाली की तिच्या हातात ती एक पिशवी द्यायची. आपल्याच जुन्या लुगड्याची, मऊमऊ, वर ओढायला नाडी. केतकी सासरी गेली, ती पिशवी घेऊन गेली. शेवंती गेली, तीही पिशवी घेऊन गेली. मग राणी आजारी पडली आणि देवाघरी गेली. बकुळा तेव्हा इतकी लहान होती की राजाच्या तलवारीला तिचं डोकं पोचत नव्हतं.

मग पोर वाढली, मोठी झाली, तिचंही लग्न ठरलं. राजानं खजिना उघडला. शालू काढले, पाटल्या काढल्या, चांदीची ताटं काढली. काही म्हणून कमी ठेवलं नाही. बकुळेनं सगळं बघितलं आणि सहज म्हणाली, "सगळं आलं की हो बाबा. पिशवी तेवढी नाही." आणि हसली. रडू येऊ नये म्हणून हसतात ना, तशी हसली.

मग राजानं काय केलं? शिंप्याला बोलावणं धाडलं आणि अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं. शिंप्यानं शिवलेली पिशवी ती शिंप्याची, तिला काय करायचंय? मग त्यानं दालनाचं दार लावून घेतलं. बाहेर सांगितलं, महाराज राज्यकारभार बघताहेत. आणि आत बसून स्वतः सुईत दोरा ओवायला लागला. दोरा काही ओवला जाईना. तोंडात घालून ओला केला, डोळे बारीक केले, एवढ्या मोठ्या मिशा सुईत अडकल्या. हसा, हसा. मलाही हसू येतं.

पण चोरून का? तर राजा सुई घेऊन बसलाय म्हटल्यावर प्रधान हसेल, सेनापती हसेल. बघा, पुरुषांना लाज तरी कशाची वाटते. लढाईत पळून आले तर वाटावी, ते सोडून सुईची.

शिकवणार कोण? कुणी नाही. मग त्यानं आपल्या उशीचा अभ्रा घेतला, राणीनं शिवलेला. एक टाका उसवायचा, दोरा कुठून आत गेला, कुठून वर आला ते बघायचं आणि तसाच टाका कापडावर घालून बघायचा. असा उसवत उसवत तो शिकला. बोटं टोचली, टोचून टोचून सुजली. मग राणीचं निळं लुगडं काढलं, जरा वेळ नुसतं मांडीवर घेऊन बसला, आणि मग कात्री लावली.

पिशवी झाली. पण कशी झाली? एक बाजू वर, एक बाजू खाली. टाके काही मुंगीएवढे, काही झुरळाएवढे. नाडी ओढली की मधेच अडायची. पण झाली एकदाची.

पाठवणीच्या वेळी राजानं ती बकुळेच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही घे." बकुळेनं पिशवी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, छातीशी धरली आणि पालखीत बसली. लोकांना वाटलं, राणीनंच मागे शिवून ठेवली असेल. राजानंही लोकांना तसंच वाटू दिलं.

इथं एक घोटाळा झाला, बरं का. पिशवी कुणाला रिकामी देऊ नये. चिमूटभर साखर घालावी, चार दाणे घालावेत, पण काहीतरी घालावं. हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तुमच्या आईला विचारा. पण राजानं सगळं दार लावून केलेलं, त्याला सांगणार कोण? त्यानं पिशवी दिली ती रिकामी दिली. आणि रिकामी दिलेली पिशवी उपाशी राहते.

बकुळा सासरी आली. तीन डोंगर पलीकडे होतं तिचं सासर. घर चांगलं, माणसं चांगली. सासूबाई जरा कडक होत्या, पण मनानं चांगल्या.

मग काय झालं, एकदा सासूबाईंनी सुपाऱ्या दिल्या, म्हणाल्या, "सूनबाई, ठेव जवळ." बकुळेनं पिशवीत टाकल्या. घटकाभरानं हात घालते तो सुपारी नाही. पिशवी झटकली, उलटी केली, काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, सांडल्या असतील."

मग एकदा सणाचा स्वयंपाक निघाला. सासूबाईंनी नाकातली नथ काढली, म्हणाल्या, "वाफेनं मोती खराब होतात गं, ठेव तुझ्या पिशवीत." बकुळेनं जपून ठेवली, नाडी घट्ट ओढली. संध्याकाळी बघते तर नथ गायब. आता नथ का सांडते कुठे? सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण बोलल्या नाहीत म्हणजे बोलेचनात. पोरीला घास गिळवेना.

मग बकुळा आपल्या खोलीत गेली, पिशवी उशाला घेतली आणि रडत रडत पडली. आणि पिशवीनं काय गिळलं असेल? तिची झोप गिळली. अख्खी. त्या दिवसापासून बकुळेचा डोळ्याला डोळा लागेना. वैद्य आले, दूध-जायफळ झालं, तळपायाला तूप चोळून झालं. काही नाही. सासूबाईंचा राग कुठच्या कुठे गेला. त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत बसायच्या, थोपटता थोपटता त्यांनाच डुलकी लागायची आणि बकुळा आपली टकटक बघतेय. नवरा म्हणाला, "ती पिशवी टाकून दे नदीत, ती आल्यापासून हे चाललंय." पण बकुळा ऐकेना. पिशवी काही हातातली सोडीना.

तेवढ्यात पंचमी आली. पंचमीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो, त्याला म्हणतात मुराळी. बकुळेला भाऊ नव्हता. मग राजा म्हणाला, मीच जातो मुराळी होऊन. शिदोरी बांधली आणि निघाला.

एक डोंगर ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसरा ओलांडला. दारात येऊन बघतो तर बकुळा खांबाला धरून उभी. डोळे खोल गेलेले, खाली काळं पडलेलं, गालाची हाडं वर आलेली. म्हणते, "बाबा, मी अगदी मजेत आहे हं." राजाला तिथंच रडू आलं. राजे रडतात का? रडतात की. लेकीचं असं तोंड बघितल्यावर कोण रडणार नाही?

सासूबाईंनी सुपारीपासून झोपेपर्यंत सगळं सांगितलं. राजानं पिशवीत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात आत गेला, तरी तळ लागेना. आणि आतून बारीक आवाज आला, "भूक लागली."

सासूबाई शहाण्या. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. म्हणाल्या, "अहो व्याही, ही पिशवी रिकामी दिली होती का? तुमच्या राणीसाहेब एवढ्या नावाजलेल्या गृहिणी. त्यांनी अशी चूक कशी केली?"

आता बघा हं. राजा गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? गेलेलं माणूस थोडंच बोलायला येतं. पण राजाला ते सोसवेना. राणीला कुणी बोल लावावा, आणि तोही आपल्यापायी? तो मान खाली घालून म्हणाला, "राणीनं नाही. ती मी शिवली आहे."

जावई बघतच राहिला. दासी तोंडाला पदर लावून हसल्या. राजाचे कान लाल झाले. बकुळेला मात्र नवल वाटलं नाही.

मग राजानं मोहरांची थैली काढली आणि सगळ्या मोहरा पिशवीत ओतल्या. पिशवीनं गिळल्या, म्हणाली, "भूक लागली." मग गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून टाकला. गिळला. "भूक लागली." मग सासूबाईंनी कोठीतून तांदळाचं सूप आणलं. सूपभर तांदूळ गेले, तरी तेच, "भूक लागली." आता आणखी घालावं तरी काय? सगळे हात टेकून बसले.

दुपार टळली. राजाला भूक लागली होती. पण लेकीच्या घरी बाप जेवत नाही, पाणीसुद्धा पीत नाही, अशी जुनी रीत होती. आता नाही हो, आता सगळे जेवतात, चांगलं दोनदोनदा वाढून घेतात. तर राजानं आपली शिदोरी सोडली. एक भाकरी उरली होती, वाळून कडक झालेली. परतीच्या वाटेवर तेवढीच. त्यानं तुकडा मोडला, तोंडापाशी नेला. आणि त्याची नजर गेली पिशवीकडे. कोपऱ्यात पडली होती, वाकडी, तोंड उघडं टाकून. जवळ कुणी जात नव्हतं. सगळे तिच्याकडे रागानं बघत होते.

राजाला तिची दया आली. त्यानं तिला उचललं आणि म्हणाला, "अगं, मला सकाळपासूनची भूक सहन होईना. तू तर जन्मल्यापासून उपाशी. आणि माझ्याच हातून जन्मलीस. ये, आधी तू खा." आणि त्यानं तोंडापाशी नेलेला तुकडा तिला दिला. मग राहिलेली भाकरीही दिली. काही मिळावं म्हणून नाही दिली. उपाशी लेकराला देतात तशी दिली.

या वेळी पिशवी काही "भूक लागली" म्हणाली नाही. आणि तिनं दिली एक मोठ्ठी ढेकर!

ढेकरेबरोबर तांदूळ बाहेर आले. कंठा आला, मोहरा खळाखळा आल्या. नथ आली, ती सासूबाईंच्या पदरातच पडली. सुपाऱ्या गडगडत उंबऱ्यापर्यंत गेल्या. राजानं हात घालून बघितला, तर दोन वीत खाली तळ, आणि तळाशी भाकरीचा एक तुकडा. तेवढाच राहिला.

आणि झोप? झोप काही दिसत नाही बाबांनो. पण बकुळेनं जांभई दिली. तिची बघून सासूबाईंनी दिली. त्यांची बघून जावयानं दिली, दारातल्या पहारेकऱ्यानं दिली, राजाच्या घोड्यानं दिली. बघा, अनूनं पण दिली.

बकुळा कशीबशी बापापाशी आली आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. राजानं विचारलं, "पोरी, एवढं सोसलंस. आईची आठवण म्हणून ठेवलीस होय ही पिशवी? मी आधीच सांगायला हवं होतं."

बकुळा डोळे मिटूनच हसली. म्हणाली, "बाबा, आईची शिवण इतकी वाकडी कधी होती? मला पालखीतच कळलं होतं. आईनं शिवलेली ताईंना मिळाली. बाबांनी शिवलेली मला एकटीलाच." एवढं बोलली आणि झोपली.

मग सासूबाई म्हणाल्या, "महाराज, तिला आत गादीवर निजवू." राजा म्हणाला, "नको, जागी होईल." दिवेलागण झाली, राजा हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, पाय लाकडासारखा झाला, तरी हलला नाही. लेकीची झोप पुरती होईपर्यंत तो तसाच मांडी घालून बसून राहिला. मग तिला माहेरी घेऊन गेला. पुढे तो चारचौघांत सिंहासनावर बसून पिशव्या शिवायला लागला, केतकीच्या पोरांना, शेवंतीच्या पोरांना, आणि कुणाची हसायची हिंमत झाली नाही. सगळी सुखानं नांदली.

झाली गोष्ट. अनू झोपलीसुद्धा. हळू, कुणी हलू नका. तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे. मीही अशीच बसते. तुम्ही मिटा डोळे.