दचकणारा राजा आणि पंचधातूचा ससाणा

मंडळी, एक विचारतो. विश्वास कोणावर ठेवावा? दारात येऊन भांडणाऱ्या शेजाऱ्यावर, की तोंडातून ब्र न काढणाऱ्या पहारेकऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एका राज्यात एका दुष्ट मांत्रिकाने भर बाजाराला आग लावली आणि तो पसार झाला. माणसं होरपळली. राजाने धसका घेतला. त्याने पंचधातूचा ससाणा घडवला, मंत्राने जागवला, वेशीवर बसवला आणि आज्ञा केली, "ज्याच्यामुळे मी दचकेन, त्याचा आवाज गिळ." लोकांनी पेढे वाटले. मीही वाटले असते. जळलेलं दुकान ज्याने पाहिलंय, तो दुसरं काय करील?

पुढे दिवाणाने रंगारी आळीचं पाणी आपल्या बागेकडे वळवलं. रंगारी ढोल घेऊन वाड्यापुढे बसले. ढोल वाजला, राजा दचकला, ससाणा झेपावला. सगळे मुके. त्यांत येसूचा नवरा लिंबाजीही. त्याने नुसते ओठ हलवावेत, आणि भाकर हवी की पाणी, ते येसूने ओळखावं.

"येसू, आता खोकायलाही परवाना काढ गं!" शेजारच्या गोदाक्का कुजबुजल्या.

येसू वेशीवर गेली. "पक्षिराज, माझ्या धन्याचा आवाज द्या."

"तीन आवाज ऐकव. एकाने जरी राजा दचकला नाही, तर देईन. या तिन्हींपुरता तुझा आवाज गिळणार नाही."

येसूने वाड्यापुढे अंगाई गायली. 'ही कोणाला जागं करतेय?' राजा दचकला. तिने जातं फिरवलं. 'शस्त्रं पाजळतायत!' राजा पुन्हा दचकला. तिसऱ्या खेपेला येसूने सगळी आळी चिडीचूप बसवली.

"एवढी शांतता? नक्कीच काहीतरी शिजतंय!" राजाला दरदरून घाम फुटला.

त्याच शांततेत मांत्रिक चूड घेऊन परतला आणि त्याने वाड्याचं छप्पर पेटवलं. पहारेकऱ्यांनी पाहिलं, पण राजा दचकला तर आपलाच आवाज जायचा; ओरडणार कोण? येसूचा हात गळ्याशी गेला. आता तिच्या घरात हा एकच आवाज उरला होता.

"आग! धावा, आग!"

राजा दचकून उठला. ससाण्याने येसूचा आवाज गिळला. पण हाक पोचली होती. मुके रंगारी कढयांतलं उरलंसुरलं निळं पाणी घेऊन धावले. आग विझली, मांत्रिक जेरबंद झाला.

निळ्या भिंतीपाशी राजा ओरडला, "अरे, हिने मला वाचवलं! हिचा आवाज का घेतलास?"

"आपण दचकलात महाराज. मला तेवढंच सांगितलं होतं."

राजाने मान खाली घातली. मग ससाण्याला म्हणाला, "माझ्या दचकण्यावर जाऊ नकोस. आग लावील त्याला धर. आणि धरलास तर आधी भर दरबारात त्याचं ऐकून घे."

ससाण्याने चोच उघडली. मुकेपण सुटलं. राव्यांच्या थव्यासारखे आवाज उडाले आणि आपापल्या गळ्यात जाऊन बसले.

लिंबाजी खाकरला. "हं, काय सांगत होतो मी? पाणी! महाराज, आमचं पाणी कधी सोडता?"

राजा जरासा दचकलाच. ससाण्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पंख मिटून घेतले. सांजेपर्यंत आळीत पाणी खळखळलं.

तर मंडळी, हिशेब चोख ठेवा. आपली भीती आपल्याच नावे मांडा; दुसऱ्याचा गुन्हा म्हणून नको. एवढी विनंती.